वस्तादांचं इंग्रजी

वस्ताद इंग्रजी शब्द बैठका मारत पाठ करायचे. खाली जाताना शब्द, वर येताना अर्थ. सकाळी दुधाची किटली घेऊन तालमीवरून जाणाऱ्याला आतून घुमणारा आवाज ऐकू यायचा, "डिसिजन... निर्णय. डिले... उशीर. डिसअपॉइंट... वाईट वाटनं." शेजारी पठ्ठे जोर काढत असायचे, त्यांच्याही कानावर तेच पडायचं. शाळेत इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघणारी मिरजगावची पोरं हौद्यातल्या तांबड्या मातीत एकमेकांच्या माना रगडताना "डिले नको करू" म्हणायला लागली. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना याचा बरेच दिवस पत्ता नव्हता. कळलं तेव्हा त्यांनी श्रेय स्वतःकडे घेतलं, ते सोडा.

वस्तादांचं खरं नाव मला बरंच उशिरा कळलं आणि कळल्यावरही त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारत नव्हतं. त्यांच्या घरच्यासुद्धा "आमचे वस्ताद" असंच म्हणायच्या. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणाले. वयाने मी त्यांच्या धाकट्या मुलीएवढी असेन.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून मी नगरहून मिरजगावला गेले होते. आता जिल्ह्याचं नाव बदललंय, पण माझ्या तोंडातून नगर जात नाही. हायवेला लागून एका कृषी सेवा केंद्राच्या वर आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यातल्या पुढच्या खोलीत मी शाळकरी मुलांचे इंग्रजीचे क्लास सुरू केले. खालून खताचा आणि फवारणीच्या औषधांचा वास यायचा, बाहेरून ट्रकचे हॉर्न, आणि त्या दोन्हींच्या मध्ये मी क्रियापदाची तीन रूपं शिकवायचे. एका संध्याकाळी जिना हादरल्यासारखा वाजला आणि दारात एक धिप्पाड माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, पांढरी विजार, मान जवळजवळ नाहीच, आणि पैलवानाचे असतात तसे चुरगळलेले कान. खोलीतली सगळी मुलं ताडकन उठून उभी राहिली. माझ्यासाठी ती कधी उठली नव्हती.

"मॅडम, मला इंग्रजीची परीक्षा द्यायची हाय," ते म्हणाले. "लई वरची न्हाई, लई खालची न्हाई. मधली."

दुसऱ्या दिवशी ते नारळ घेऊन आले. तालमीत नवा माणूस पहिल्यांदा उतरतो तेव्हा मारुतीपुढे नारळ फुटतो, मग इथे का नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्यांनी जिन्याच्या पायरीवर नारळ फोडला, व्याकरणाच्या पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं आणि मुलांना खोबरं वाटलं. त्या पुस्तकावर लोक चिडलेले, झोपलेले, रडलेले मी पाहिले आहेत. कुंकू पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतरही रोज पुस्तक उघडण्याआधी ते त्याला हात लावून तो हात कपाळाला लावायचे, हौद्यात उतरताना मातीला लावतात तसा.

मुलांच्या बाकात ते मावेनात. एकदा बसले ते उठताना बाक त्यांच्यासोबतच उठला आणि शेजारचं पाचवीतलं पोरगं घसरून खाली पडलं. तेव्हा ठरलं की वस्तादांचा तास तालमीच्या ओट्यावर घ्यायचा, संध्याकाळचा सराव चालू असताना. आत बाईमाणसाने जायची रीत नव्हती, पण ओट्यावर बसायला कोणाची हरकत नव्हती. त्यांच्या घरून माझ्यासाठी चटई आणि चहा यायचा. दाराच्या चौकटीतून हौदा दिसायचा. वस्ताद माझ्याकडे तोंड करून बसायचे, तरी मागे कोणाचा पाय चुकला ते त्यांना कसं कळायचं देव जाणे. "आय हॅव बीन वेटिंग" म्हणता म्हणता मान न वळवता ते ओरडायचे, "ए, कंबर खाली घे!"

या वयात इंग्रजी कशाला, हे मी विचारलं नव्हतं. त्यांनीच एकदा सांगितलं. वस्ताद राज्यातल्या स्पर्धांना मॅटवर पंच म्हणून जात. त्याआधी, बऱ्याच वर्षांपूर्वी, आपल्या एका पठ्ठ्याला घेऊन ते दिल्लीला गेले होते. मोठी स्पर्धा, पंच बाहेरच्या देशांतले. पोराने शेवटच्या क्षणी समोरच्याला उलटा केला आणि पंचाने ते पाहिलंच नाही. दाद मागायची सोय होती, पण लगेच मागायला हवी होती आणि तीही इंग्रजीत.

"मी मॅटच्या कडंला हुबा," ते म्हणाले. "हात वर केला. पंच माझ्याकडं बघतोय. म्हनला, येस? आन् माझ्या तोंडात काय न्हाई. एक शबूद न्हाई. पोरगं माझ्याकडं बघतंय, मी पंचाकडं बघतोय. तेवढ्यात येळ संपला. त्या दिवशी पोरगं हरलं न्हाई मॅडम, माझी जीभ हरली."

तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की एकदा बाहेरच्या देशातल्या मॅटवर आपण पंच म्हणून उभं राहायचं. कडेला एखादा खेड्यातला वस्ताद मुका होऊन हात वर करून उभा राहिला, तर त्याच्याकडे नीट बघणारं कोणीतरी तिथे असावं. त्यासाठी बाकी सगळं त्यांच्याकडे होतं, फक्त इंग्रजीच्या मधल्या पातळीच्या परीक्षेचा दाखला नव्हता. आणि पुढच्या वर्षी ते पंचांच्या वयोमर्यादेबाहेर जाणार होते. म्हणजे एकच खेप. नापास झाले की कायमचे राहिले.

शिकण्याची त्यांची स्वतःची तऱ्हा होती. मी फळ्यावर नियम लिहायचे, ते त्याचा डाव करून टाकायचे. साधा भूतकाळ आणि पूर्ण वर्तमानकाळ यांतला फरक मी निरनिराळ्या तऱ्हांनी समजावून थकले. वस्ताद डोळे मिटून बसले होते. मग म्हणाले, "म्हंजी असं का? कुस्ती झाली, घाम वाळला, घरी गेलो, तो एक. आन् कुस्ती झाली, पन घाम अजून अंगावर हाय, तो हॅववाला." मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात हे इतकं चोख सांगितलेलं नाही. आजही मी असंच शिकवते, फक्त पुण्यातल्या मुलांना घाम कसला ते समजावून सांगावं लागतं.

"द" मात्र त्यांना शेवटपर्यंत वश झाला नाही. "ह्यो द काय काम करतो तेच कळंना," ते म्हणायचे. "गावच्या कुस्त्यांच्या फडात एक पुढारी अस्तो तसा हाय. करीत काय न्हाई, पन न्हाई बोलावला तर रुसतो." मग खबरदारी म्हणून ते सगळ्या नामांना एकेक द लावून टाकायचे. द मिरजगाव, द मारुती, द माय वाइफ.

शब्दांत त्यांचा सगळ्यात लाडका शब्द "अनफॉर्च्युनेटली." हा शब्द त्यांना फार आवडला. लांबलचक, तोंड भरून जाणारा, आणि दुःखाची बातमी सांगायच्या आधी माणसाला जरा सावरायला वेळ देणारा. "आपल्यात असा शबूद न्हाई बगा," ते म्हणायचे, "आपन एकदम सांगून मोकळं हुतो." महिन्याभरात तो तालमीत रुळला. कोणी चितपट झाला की बघणारे एका सुरात ओरडायचे, "अनफॉर्च्युनेटली!" त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, माझ्याकडे तक्रार केली होती. "परवा म्हनाले, अनफॉर्च्युनेटली द सॉल्ट इज लेस. मला वाटलं भाजीला चांगलं म्हनत्यात. मी आपली खुशीत!"

एक गोष्ट त्या ओट्यावरूनच मी पहिल्यांदा पाहिली. शेजारच्या वाडीवरून एक काटकुळा मुलगा नवीन आला होता. घाबरट. समोर कोणी उभा राहिला की हा मागे मागे सरकत भिंतीला टेकायचा. पोरं हसायची. वस्तादांनी माझ्यापुढचं पुस्तक मिटलं, शर्ट काढून चौकटीवर टाकला आणि बनियनवरच हौद्यात उतरले. "चल, धर मला." त्या दोघांना समोरासमोर बघून मला हसूच आलं. पोराने डोळे मिटून कशीबशी त्यांच्या कमरेला मिठी मारली, आणि बघते तर वस्ताद थोडा वेळ झुंजल्यासारखे झाले, एक पाय डगमगला, आणि धप्पकन पाठीवर! तांबडी माती उडाली. ते पोरगं त्यांच्या छातीवर बसून खुळ्यासारखं इकडे तिकडे बघत होतं. दुसऱ्या दिवशीपासून ते भिंतीला टेकलं नाही.

"तुम्ही मुद्दाम पडलात," मी अंगावरची माती झटकणाऱ्या वस्तादांना म्हणाले.

"हळू बोला," ते म्हणाले. "पाडायला कुनीबी शिकवील मॅडम. नव्या पोरापुढं वस्तादानं आधी पाडून घ्यायचं अस्तं. त्याबिगर त्याच्या अंगातली भीती निघत न्हाई. आन् कळू द्यायचं न्हाई, न्हाईतर ते पोरगं जन्मभर लाजतंय."

त्यांच्या वस्तादांनी त्यांच्यापुढे असंच पाडून घेतलं होतं, आणि त्यांच्या वस्तादांपुढे त्यांच्याही वस्तादांनी. तालमीची ही रीतच होती.

शुक्रवारी मी मुलांची शब्दांची स्पर्धा घ्यायचे, एकाने शब्द टाकायचा, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. वस्ताद हौसेने यायचे आणि दाराशी मांडी घालून बसायचे, बाकाची धास्ती आम्हा दोघांनाही होती. सहावीत एक सानिका होती. बोलताना अडखळायची, म्हणून तोंडच उघडायची नाही. एका शुक्रवारी तिची गाठ वस्तादांशी पडली. तिने कसाबसा शब्द टाकला, "ने... नेबर." वस्ताद डोकं खाजवायला लागले. वर बघितलं, खाली बघितलं. "न्हाई बा येत. हरलो." खोलीत एकच ओरडा झाला आणि सानिका त्या दिवशी जिना उड्या मारत उतरली. मुलं गेल्यावर मी त्यांना धरलं. सकाळीच हा शब्द मी त्यांच्या बैठकांत ऐकला होता.

"परीक्षेत असं करायचं नाही हं," मी बजावलं.

"छ्या! परीक्षेत कशाला?" वस्ताद म्हणाले.

बजावायला कारण होतं. या परीक्षेत बोलण्याचा भाग जोडीने द्यायचा असतो. दोन अनोळखी उमेदवार समोरासमोर बसवतात, मध्ये एक चित्र ठेवतात आणि त्यावर दोघांनी आपसात बोलायचं. परीक्षक ऐकून गुण देतो. ओट्यावर मी त्यांची जोडीदार व्हायचे. समोरच्याचं मत विचारायचं, पण नंतर आपलंही सांगायचं, गुण आपल्या बोलण्यालाच मिळतात, हे मी त्यांच्या कानीकपाळी ओरडले होते. "समजलं," ते म्हणायचे, "समोरच्याला पट काढू द्यायचा, मंग आपला डाव टाकायचा." शेवटी शेवटी ते इतकं छान बोलायला लागले होते की कधीकधी मी शिकवायचं विसरून नुसती ऐकत बसायचे. मोडकंतोडकं, द-युक्त, पण बोलणं. त्यात माणूस दिसत होता.

परीक्षेला मी त्यांच्यासोबत पुण्याला गेले. काकूंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. सकाळचा लेखी पेपर देऊन वस्ताद बाहेर आले ते मांडीवर थाप मारतच. "निकाली कुस्ती झाली!" दुपारी बोलण्याची परीक्षा. गुळगुळीत फरशीची, थंडगार इमारत. ज्या खोलीत जायचं होतं तिच्या दाराशी थांबून वस्तादांनी सवयीने चपला काढल्या, उंबरा नव्हता तरी वाकून फरशीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. दाराशी बसलेला मुलगा बघतच राहिला.

त्यांच्या जोडीला एक मुलगी होती. हातातल्या रुमालाचा पिळा करून करून तिने त्याचा दोर केला होता. वस्तादांनी विचारलं, "कुठली गं पोरी तू?"

"पुणतांब्याची, काका."

"मंग नगरचीच की आपल्या!" वस्ताद खुलले. ती नर्स होती. बाहेरच्या देशातल्या एका हॉस्पिटलात तिची निवड झाली होती, फक्त ही परीक्षा सुटायची राहिली होती. याआधी एकदा ती बोलण्यातच अडकली होती. नाव पुकारलं तेव्हा तिने वस्तादांच्या पायांकडे बघितलं आणि स्वतःच्याही सँडल काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या. दार बंद झालं. मी त्या दोन जोडांसमोर बसून राहिले आणि मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलले.

दार उघडलं. वस्ताद बाहेर आले, चपला घातल्या आणि म्हणाले, "चला मॅडम, च्या घेऊ." चेहरा अगदी शांत. मला बरं वाटलं. मागून ती मुलगी आली आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या पायाशी वाकली. रडत होती आणि हसतही होती. आत काय झालं ते तिनेच मला सांगितलं. वस्ताद चहावाला शोधायच्या निमित्ताने पुढे निघून गेले होते.

चित्रात सहलीला जायची ठिकाणं होती. डोंगर, समुद्र, नदी, आणखी काय काय. कुठे जायचं ते दोघांनी बोलून ठरवायचं. तिची जीभ टाळ्याला चिकटली. वस्तादांनी सुरुवात केली, दोन वाक्यं बोलले, तिच्याकडे बघितलं, आणि थांबले.

"काका म्हणाले, सिस्टर, माय एरिया इज ड्राय. नो रिव्हर. यू हॅव रिव्हर. यू टेल मी," ती सांगत होती. "मी नुसतं येस म्हणले. तर म्हणाले, इज इट बिग? पीपल कम? व्हॉट दे डू? एकेक विचारत राहिले. मग मला गोदावरीचा घाट दिसायलाच लागला मॅडम. मी बोलत सुटले. परीक्षक मधे काकांना म्हणाले, ॲन्ड यू, सर? तर काका म्हणाले, शी इज टेलिंग व्हेरी गुड, सर. आय ॲग्री."

"आणि पुढे?"

"पुढं परत विचारलं त्यांनी. काका परत म्हणाले, आय ॲग्री."

परतीच्या गाडीत शिरूर येईपर्यंत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. एवढी चिडले होते. इतक्या महिन्यांची मेहनत, सकाळच्या त्या बैठका, आणि हा माणूस "आय ॲग्री" म्हणून उठून आला! वस्ताद खिडकीशी बसून भाकरी खात होते. अर्धी माझ्यापुढे धरली, मी घेतली नाही. मग मला राहवेना.

"ती तालीम नव्हती वस्ताद. परीक्षा होती. तुमची शेवटची परीक्षा. आणि ती मुलगी तुमची कोण?"

"कोन न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"समोर आली ना. समोर आलेलं पोरगं घाबरलं का वस्तादाचं अंग आपसूक खाली जातं. डोक्याला इचारत न्हाई ते." त्यांनी भाकरी परत फडक्यात बांधली. "ठरवून केलं न्हाई मॅडम, तुमची शप्पत. पन तिचं तोंड बघितलं, आन् मला दिल्ली दिसली. त्या टायमाला माझ्या बाजूला कुनी हुबं पायजे हुतं. एक शबूद द्यायला. एकच."

मी त्यांच्या हातातून फडकं घेतलं आणि ती अर्धी भाकरी खाल्ली. दुसरं काय करणार होते?

निकालाच्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "अनफॉर्च्युनेटली." त्या शब्दाने मला सावरायला वेळ दिला खरा, पण मी काही सावरले नाही. ऐकण्यात, वाचण्यात, लिहिण्यात पास. बोलण्यात कमी पडले. आमच्या ओट्यावर तासन्‌तास बोलणारा माणूस बोलण्यात कमी पडला! मी रडतेय हे त्यांना कळलं असावं.

"आवो, ती पोरगी सुटली," ते घाईघाईने म्हणाले. "तिचा फोन आल्ता सकाळीच. लई चांगले मार्क पडले." आपला पठ्ठा फडात गदा जिंकल्यावर त्यांचा आवाज असा व्हायचा.

मला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीतलं एक पोरगं मला बोलवायला दारात हजर. जाऊन बघते तर चटई अंथरलेली, चहा आलेला. वस्ताद ओट्यावर पुस्तकाला हात लावून बसले होते. "आता कशाला?" मी म्हणाले. "फड संपला म्हनून कोन जोर काढायचं सोडतं का?" ते म्हणाले. त्यानंतर वर्षभर आम्ही कुठल्याही परीक्षेशिवाय इंग्रजी बोलत बसायचो. पावसाबद्दल, कांद्याबद्दल, त्यांच्या लेकींबद्दल. मी आयुष्यात पुष्कळ मुलांना शिकवलं, अजून शिकवते. पण शिकवणं ज्याला म्हणतात ते मी त्या वर्षभरातच केलं, असं मला वाटतं. त्या संध्याकाळी मला फार फार हव्याशा वाटतात.

मग नवऱ्याची पुण्याला बदली झाली. सामान टेम्पोत चढवायला सगळी तालीम आली होती. चार माणसांना मिळून हलवता न येणारं कपाट दोन पोरांनी सहज वर नेलं. काकूंनी माझी ओटी भरली. वस्ताद कृषी सेवा केंद्राच्या पायरीवर उभे होते. काहीतरी तयारी करून आले होते हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

"मॅडम, यू हॅव टॉट मी," ते म्हणाले. मग खात्री करून घ्यायला हळूच विचारलं, "हॅवच ना? घाम अजून अंगावर हाय, म्हनून."

मी मान हलवली. यावेळी बोलण्यात कमी पडायची पाळी माझी होती.

पुण्यात आल्यावर ते दर रविवारी फोन करायचे आणि फक्त इंग्रजीतच बोलायचे. द तालीम इज फाइन. द रेन इज नॉट फाइन. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला, पण तो काकूंचा होता. वस्ताद बैठका संपवून ओट्यावर टेकले ते उठलेच नाहीत. मी गेले. तालमीच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता, आणि हौद्यातली माती त्या दिवशी कोणी उकरली नव्हती. ज्या मुलापुढे ते माझ्या देखत पडले होते, तो आता दाराएवढा झाला होता. कोपऱ्यात उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. त्याला अजूनही वाटत असेल की त्या दिवशी आपणच वस्तादांना पाडलं. मी काही बोलले नाही. कळू द्यायचं नसतं.

आता मी पुण्यात एका मोठ्या क्लासमध्ये याच परीक्षेची तयारी करून घेते. थंड खोली, पायात बूट घातलेली हुशार मुलं. बोलण्याच्या सरावासाठी मी त्यांच्या जोड्या लावते, मध्ये चित्र ठेवते आणि गुण द्यायला बसते. एखाद्या जोडीत एक जण अडतो. त्याचे कान लाल होतात, ओठ हलतात, आवाज फुटत नाही. तेव्हा सगळ्यांना वाटतं की मी त्याच्याकडे बघतेय. मी दुसऱ्याकडे बघत असते, ज्याला सगळं येतं त्याच्याकडे. त्याची नजर क्षणभर समोरच्याच्या तोंडावर थांबते, आणि दर वेळी मला वाटतं, आता. आता हा थांबेल आणि म्हणेल, यू टेल मी. मग तो नजर चित्रावर आणतो आणि आपली वाक्यं सफाईने पूर्ण करतो. मी त्याला पूर्ण गुण देते, द्यावेच लागतात.

अजून कोणी पडलेलं नाही, वस्ताद. अनफॉर्च्युनेटली.